जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाताना: आधी बॉनेटवर हात ठेवा

टायर, रंग, पत्रा, सीटं हे तुम्ही बघणारच, त्यात सांगायचं काही नाही. मीही बघितलं होतं. कोल्हापुरात दोन दारांची टर्बो पेट्रोल, बारा वर्षांत फक्त 31,000 किलोमीटर. मी पोचलो तेव्हा मालक फाटकापाशी उभे आणि गाडी सुरूच. "तुम्ही येणार म्हणून काढून ठेवली की," म्हणाले. मला केवढं कौतुक वाटलं! पैसे मोजले, निपाणीहून तवंदी घाट चढून, संकेश्वर करत झोकात बेळगावला आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे, डिसेंबरच्या थंडीत, टिळकवाडीत चावी फिरवली तर डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज आणि मागून निळा धूर. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "ट्रॅक्टर घेतलास काय रे?"

म्हणून यादी इथूनच सुरू करा: इंजिन थंड पाहिजे. आदल्या रात्री फोन करून सांगा, मी येईपर्यंत चावी लावू नका. पोचल्यावर मालकाशी हात मिळवायच्या आधी हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि परत या. एवढं लांब येऊन रिकामं जायचं जिवावर येतं, माहीत आहे. माझ्याही आलं असतं. पण टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताठ ठेवणारा भाग) थकलाय की नाही, व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल गळतंय की नाही, हे बहुतेक वेळा रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच कळतं. एकदा तापलं की सगळं गोड.

आणि चावी तुम्ही फिरवू नका, मालकाला फिरवू द्या. इथे गाडीबरोबर माणूसही तपासायचा आहे. सुरू होताच त्याने रुबाबात रेस दिली, तर रोज सकाळी हेच चालत असणार. थंड ऑइल घट्ट असतं, वरपर्यंत पोचायला वेळ घेतं. शिवाय काट्यावर दिसतं ते कूलंटचं तापमान. काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला अजून बरीच मिनिटं लागतात. गरम इंजिन आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) काट्यावरल्या लाल रेषेपर्यंत नेणं हा गुन्हा नाही, ते त्यासाठीच बांधलेलं असतं. थंड इंजिन पिळणं हा गुन्हा.

"कशी चालवायचा?" असं विचारू नका, सगळेच सावकाश चालवतात. कुठे जायची ते विचारा. घर ते क्लब दोन किलोमीटर असेल तर सावध. एवढ्याशा फेरीत ऑइल पुरतं तापत नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. माझे ते 31,000 किलोमीटर असेच. वर ऑइल बदललं किलोमीटर बघून, म्हणजे तीन-तीन वर्षांनी! बिलं मागा, त्यावरच्या तारखा वाचा. पोर्श बॉक्सटरचं 2008 पर्यंतचं इंजिन बघत असाल तर इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनातल्या एका मधल्या दांड्याच्या) बेअरिंगचं काय केलं तेही विचारा, ते फुटलं तर इंजिनच जातं. 2009 च्या मॉडेलपासून तो शाफ्टच गेला.

सावकाश चालवणाराही इंजिन मारू शकतो, हे पटत नाही लोकांना. चोर्ला घाटाच्या चढाला सहाव्या गिअरमध्ये, 1,500 आरपीएमवर पाय पूर्ण दाबायचा, ही ती सवय. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात अशाने ठिणगीआधीच पेट्रोल पेटू शकतं, पिस्टन फुटू शकतो. टेस्ट ड्राइव्हला आधी मालकाला चालवू द्या, चढाला गिअर उतरवतो का बघा. उलट, पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) काही करू शकत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. काही गाड्यांच्या संगणकात त्याची नोंद राहते, म्हणून स्कॅनर जोडून घ्या. चढ जोरात चढून आल्यावर मालक लगेच चावी बंद करतो का, तेही बघा. टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं.

आता हे सगळं गाडी थंड असताना सुरू झालं तरच उपयोगाचं. हात ठेवलात ना बॉनेटवर?

पुढचं भराभर. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ते बघणं) आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून, विकणाऱ्याच्या नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर विचारा, ऑइलमध्ये पाणी गेल्याची ती खूण. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत आहे म्हणून बेफिकीर राहू नका, सुटे भाग तिथे मिळत नाहीत. एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची गाडी इकडे बेळगावात ठेवणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आधी घ्या. बारा महिन्यांच्या आत केए 22, म्हणजे बेळगावच्या नंबरची करावी लागते आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स किमतीत धरूनच भाव करा. बँकेचा बोजा उतरलाय का, मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. इन्शुरन्स. दुसरी चावी.