पार्किन्सन्सच्या गोळ्यांचे दुष्परिणाम रुग्णाला समजावताना

(न्यूरोलॉजी ओपीडीत नव्याने रुजू झालेल्या नर्स आणि फार्मासिस्टसाठी)

दुष्परिणामांची छापील यादी नुसती हातात दिली की रुग्ण ती घरी वाचतो, घाबरतो आणि गोळी बंद करतो. म्हणून यादीच्या आधी एवढं सांगा: त्रास झाला तर फोन करा, गोळी स्वतःहून थांबवू नका. लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) अचानक थांबली तर अंग ताठरून जोराचा ताप येण्यापर्यंत, कधी शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येते.

सुरुवातीची तक्रार बहुधा मळमळीची. आधी गोळीवरचा आकडा पाहा. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा जेमतेम १०. दिवसाला तीन घेतल्या तरी कार्बिडोपा ३०च होतं, मळमळ आवरायला साधारण ७० ते १०० लागतं. हे डॉक्टरांच्या कानावर घाला. १०० आणि २५ प्रमाणाची गोळी मिळते. तोवर गोळी दोन बिस्किटांबरोबर चालेल. दूध, पनीर, अंडी, डाळ त्या वेळी नको, कारण प्रथिनांमुळे लेव्होडोपा कमी शोषली जाते. उलटीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिलने मात्र पार्किन्सन्स बळावतो. ही दोन नावं फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तीच उपयोगी पडतात.

‘चक्कर येते का?’ एवढं विचारून भागत नाही. पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेवर थोडं बसायचं, हे करून दाखवा.

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (मेंदूत डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर खरी कसोटी. ऑनलाइन रमी, लॉटरी, वारेमाप खरेदी, अर्ध्या रात्री खाणं, वाढलेली कामेच्छा: रुग्ण यातलं काहीच आपणहून बोलत नाही, कित्येकदा त्याला ते वावगंही वाटत नाही. पती-पत्नीला वेगवेगळं विचारा. हा औषधाचा परिणाम आहे, स्वभाव बिघडलेला नाही, असं आधी म्हटलं की माणसं मोकळी होतात. बसल्या बसल्या अचानक झोप लागत असेल तर स्कूटर त्याच दिवसापासून बंद.

‘थरथर वाढली’ या तक्रारीवर लगेच विश्वास ठेवू नका. हात मांडीवर ठेवलेला असताना एका लयीत हलतो तो कंप. गोळीचा असर भरात असताना अंग नागमोडी वळवळतं, डोलतं, तो बहुधा औषधाचा परिणाम. दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध, म्हणून घरच्यांना मोबाइलवर चित्रण करायला आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहायला सांगा.

बाकीचं थोडक्यात. एन्टाकापोनने लघवी नारिंगी होते, काळजी नको. अमांटाडिनने घोट्याला सूज किंवा पायावर जांभळी जाळी येते, ती दाखवायची. ट्रायहेक्सिफेनिडिलने वयस्करांत विसरभोळेपणा, भास आणि लघवी अडकणं दिसतं.

निघताना ‘समजलं ना?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आठची गोळी राहिली, बाराच्या वेळी आठवलं, काय कराल?’ असं विचारा. ‘दोन एकदम घेईन’ हे उत्तर आलं तर पुन्हा बसवा.