पिकलेले केस: कलप लावावा की तसेच ठेवावेत, हे कसे ठरवावे आणि ठरल्यावर काय करावे

पहिला कलप बहुतेक जणी एखाद्या निमित्ताने लावतात. घरातले लग्न जवळ आलेले असते, नव्या नोकरीची मुलाखत असते, किंवा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी कुणीतरी ‘आजी आल्या का?’ असे विचारलेले असते. निमित्त संपते, पण महिन्याभरात भांगात पांढरी रेघ दिसू लागते म्हणून लावणे चालूच राहते, आणि अनेक वर्षांनी लक्षात येते की याचा निर्णय असा आपण कधी घेतलाच नव्हता. तो आता शांतपणे घ्यायचा असेल, तर माझ्या मते स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: आपली त्वचा हे रसायन सहन करते का, दर महिन्याची उस्तवार आपल्याला मनापासून झेपते का, आणि ही इच्छा खरोखर आपली आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचे दोन विचारण्याची गरजच उरत नाही.

त्याआधी केस का पिकले, हे पाहून घ्यावे. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. वयानुसार या पेशींचा साठा ओसरत गेला की नवा केस रंगाशिवाय उगवतो. हे कोणत्या वयात सुरू होणार, हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरते, त्यामुळे आईचे आणि मावशीचे केस कधी पिकले हे आठवून पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. मात्र पंचविशीच्या आतच केस पिकू लागले, तर आशियाई लोकांमध्ये ते अकाली पिकणे मानले जाते. अशा वेळी रंगाची पेटी आणण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि लोह यांची रक्ततपासणी करून घ्यावी. पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सहज आढळते, आणि ती भरून काढणे केसांपेक्षाही मज्जातंतूंसाठी महत्त्वाचे असते. वयोमानाने पिकलेला केस कोणत्याही तेलाने पुन्हा काळा होत नाही, तेव्हा तसे आश्वासन देणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

त्वचेचा प्रश्न

या विषयात सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पीपीडी, अर्थात पॅरा-फेनिलीनडायअमाइन. बाजारातील बहुतेक कायमस्वरूपी काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत हे किंवा याच्या जवळचे एखादे रसायन असते. अमोनियासारखा अल्कलीयुक्त पदार्थ केसाचे बाहेरचे आवरण फुलवतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळ रंग फिका करते आणि पीपीडीशी अभिक्रिया होऊन तयार झालेला नवा रंग केसाच्या आत अडकून बसतो. म्हणूनच तो धुतल्याने जात नाही. ‘अमोनिया-फ्री’ असे लिहिलेल्या रंगात केवळ अमोनियाऐवजी दुसरा अल्कलीयुक्त पदार्थ असतो. त्यात पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ‘हर्बल’ किंवा ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांनाही हेच लागू आहे. खरी मेंदी केसाला काळा रंग देऊच शकत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या पुडीवरील घटकांची यादी भिंग घेऊन का होईना, पण वाचावी.

पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असे नाही. दहा-पंधरा वर्षे काहीही न होता रंग लावणाऱ्या स्त्रीला एके दिवशी अचानक खाज सुटते, पापण्या सुजतात आणि कानामागे पाणी सुटू लागते, कारण शरीराची संवेदनशीलता हळूहळू घडत गेलेली असते. लग्नसराईत हातावर काढल्या जाणाऱ्या काळ्या मेंदीच्या कोनातही पीपीडी असू शकते, आणि त्यातून एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा रंगही सोसत नाही. आपल्याकडे आणखी एक खूण दुर्लक्षित राहते. कपाळाच्या कडेला, कानशिलांवर आणि मानेवर खाज न येताच करडा-काळपट रंग चढत जातो. बाई त्याला वांग किंवा उन्हाचा परिणाम समजते, क्रीम बदलत राहते आणि रंग मात्र चालूच ठेवते. असे डाग दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे आणि आपण केसांना काय लावतो, हे न विचारता सांगावे.

म्हणून प्रत्येक वेळी, नेहमीचाच रंग असला तरीही, ४८ तास आधी चाचणी करावी. पेटीतल्या सूचनेप्रमाणे थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून तेवढी जागा दोन दिवस जपावी. लाली, खाज, सूज किंवा पुरळ यांपैकी काहीही दिसले तर तो रंग वापरू नये, आणि ‘या वेळी थोडाच लावते’ अशी सवलतही स्वतःला देऊ नये. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीही लावू नये. १९३३ मध्ये अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती, आणि १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदेशीर नियंत्रण आले त्यामागे अशी प्रकरणेही होती. आपल्या देशातील नियमांनुसारही पीपीडी असलेल्या रंगाच्या वेष्टनावर, पापण्या-भुवयांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशारा छापावा लागतो.

कर्करोगाची भीती अनेकींच्या मनात असते, त्याबद्दल नेमके सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनालयात रोज रंग हाताळण्याच्या व्यवसायाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आहे, पण स्वतःच्या केसांपुरत्या वापराबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे नोंदवले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,१७,२०० अमेरिकी परिचारिकांचा ३६ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही, काही मोजक्या प्रकारांत मात्र थोडी वाढ दिसली. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दर पंधरा दिवसांनी पूर्ण डोक्याला रंग चोपडण्याचेही कारण नाही. गरोदरपणी पहिले तीन महिने थांबावे, असा सावध सल्ला सहसा दिला जातो.

लावायचे ठरले तर

केस थोडेच पिकले असतील, तर कायमस्वरूपी रंगाने सुरुवात करू नये. काही धुण्यांत उतरणारा सेमी-परमनंट किंवा त्याहून थोडा जास्त टिकणारा डेमी-परमनंट रंग पांढऱ्या केसांना झाकत नाही, पण काळ्यांत मिसळून टाकतो, आणि उतरताना भांगात ठळक रेघ पडत नाही. शेड मूळ रंगापेक्षा अर्धी-एक छटा फिकी निवडावी. पन्नाशीनंतर त्वचेचा रंगही थोडा बदलतो, त्यामुळे विशीतला काळाभोर रंग चेहऱ्यावर कडक दिसतो, तर गडद तपकिरी शोभून दिसतो.

रंग लावण्याच्या दिवशी डोके धुवू नये, कारण त्वचेवरचे नैसर्गिक तेल थोडे संरक्षण देते. टाळूवर जखम, पुरळ किंवा ओरखडे असतील तर बेत पुढे ढकलावा. कपाळाच्या आणि कानांच्या कडेला व्हॅसलिन लावावे, हातमोजे घालावेत, रंग धातूच्या वाटीत न कालवता काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत कालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. पुढच्या वेळी फक्त नव्याने उगवलेल्या मुळांनाच रंग लावावा. दर वेळी टोकापर्यंत लावल्याने जुने केस राठ होतात आणि अधिकाधिक काळे पडत जातात. दोन वेळांत किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत, मधल्या काळात भांग बदलावा किंवा मुळांवर मारायचा तात्पुरता स्प्रे वापरावा. जळजळ सुरू झाली तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच भरपूर पाण्याने धुवावे, आणि चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला तर थेट रुग्णालयात जावे. उरलेला रंग आणि पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात, कारण पीपीडी पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

रसायन नको, पण पांढरा रंगही नको, अशांसाठी मेंदी आणि नीळ ही जोडी चांगली आहे, मात्र तिला अर्धा दिवस हाताशी हवा. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसाला केशरी-तांबूस रंग देते. ती दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवावी आणि मग इंडिगोच्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्यावी, तासा-दीड तासाने धुवावी. रंग पुढचे दोन दिवस गडद होत जातो, म्हणून लगेच निराश होऊ नये. ही नीळ वनस्पतीची असते. कपड्यांना घालायची नीळ केसांना अजिबात लावू नये. पहिल्यांदा एका लपणाऱ्या बटेवर करून पाहावे, कारण मेंदी-नीळ एकदा चढली की त्यावर ब्लीच केल्यास हिरवट छटा येऊ शकते. मेंदीने केस कोरडे होतात, त्यामुळे नंतर तेल लावावे.

सोडायचे ठरले तर

इथे धीर लागतो, आणि बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माघार घेतात ती केवळ आधी हिशोब न केल्यामुळे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे खांद्यापर्यंतच्या ३० सेंटिमीटर केसांतून रंग पूर्ण जायला दोन ते अडीच वर्षे लागतात आणि कमरेपर्यंतच्या वेणीतून चार-पाच वर्षे. हे आकडे माहीत असले की सहाव्या महिन्यात आरशात दिसणारी दुरंगी वेणी अपयशाची वाटत नाही.

सर्वांत जलद मार्ग म्हणजे केस कापणे. सहा महिने मुळे वाढू देऊन मग बॉब किंवा त्याहून आखूड कट घेतल्यास बराचसा रंगवलेला भाग एकदम जातो. ज्यांना लांब केस जिवापाड प्रिय आहेत त्यांनी पार्लरमध्ये रंगवलेल्या भागात बारीक फिक्या बटा करून घ्याव्यात, म्हणजे काळे-पांढरे एकमेकांत मिसळते आणि सीमारेषा पुसट होते. यात ब्लीच वापरावे लागते, त्यामुळे ते अनुभवी हातांकडूनच करून घ्यावे आणि आधी मेंदी किंवा नीळ लावली असेल तर तसे सांगावे. तिसरा मार्ग म्हणजे कायमस्वरूपी रंग थांबवून काही महिने उतरणारा रंग वापरणे आणि तो हळूहळू फिका करत नेणे. अंबाडा, तिरका भांग आणि रुंद हेअरबँड या काळात फार उपयोगी पडतात. घरात लग्नकार्य ठरले असेल आणि फोटोंची चिंता वाटत असेल, तर सुरुवात त्यानंतर करावी.

पांढऱ्या केसांची निगा वेगळी असते. वयानुसार टाळूवरचे तेल कमी होते, म्हणून हे केस राठ आणि भुरभुरीत लागतात. आठवड्यातून एकदा धुण्याआधी खोबरेल तेल लावावे. ते केसाच्या आत शिरते आणि धुण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते. रंगीत किंवा गडद आयुर्वेदिक तेलांनी पांढऱ्या केसांना पिवळट झाक येते, तशीच ती ऊन आणि बोअरचे जड पाणी यांनीही येते. त्यावर जांभळा शाम्पू आठवड्या-पंधरवड्यातून एकदा वापरावा; रोज वापरल्यास केस जांभळट दिसू लागतात. मेलॅनिन नसलेल्या केसाला उन्हापासून स्वतःचे संरक्षण नसते, तेव्हा दुचाकीवर बांधायचा स्कार्फ उन्हात चालतानाही बांधावा. केस पांढरे झाल्यावर फिक्या रंगाच्या साड्या चेहऱ्याला निस्तेज करतात, तर मोरपंखी, वांगी आणि गडद लाल रंग खुलून दिसतात, आणि हा बदल मला स्वतःला फार आनंदाचा वाटतो. भुवया फिक्या वाटत असतील तर पेन्सिल पुरेशी आहे.

लोक बोलणारच आहेत. त्याच वयाचा पुरुष पिकल्या केसांनी अनुभवी दिसतो आणि बाईला मात्र ‘बरं नाही का?’ असे विचारले जाते, हे अन्यायाचे आहे आणि तसे म्हणायला संकोचू नये. इंदिरा गांधींच्या केसांतली पांढरी बट त्यांची ओळख होती, मेधा पाटकरांना करड्या केसांशिवाय कुणी आठवत नाही, आणि झीनत अमान यांनी पांढरे केस मिरवत समाजमाध्यमांवर प्रवेश केला. कॅनडात २०२२ मध्ये लिसा लाफ्लॅम या ज्येष्ठ वृत्तनिवेदिकेला वाहिनीने ३५ वर्षांनंतर निरोप दिला, तेव्हा टाळेबंदीत तिने सोडलेल्या रंगाचा त्याच्याशी संबंध आहे का, यावर देशभर वाद झाला. वाहिनीने तो संबंध नाकारला. स्वागतकक्ष, विक्री किंवा कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या स्त्रीला ही जोखीम खरी वाटत असेल, तर तिने कलप चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये, आणि ‘नैसर्गिक राहा’ असा उपदेश तिला इतरांनी करू नये. मात्र केवळ नवऱ्याला किंवा सुनेला आवडत नाही म्हणून खाज सोसत रंग लावणाऱ्या बाईने लावणे थांबवावे, असे मी ठामपणे म्हणेन.

वर्षभर केस पांढरे ठेवून ते मनाला पटले नाहीत, तर कलपाकडे परतायलाही हरकत नाही. फक्त त्या वेळी जुन्या पेटीतला उरलेला रंग वापरू नये, नवा आणावा आणि ४८ तासांची चाचणी पहिल्यांदाच करत असल्यासारखी पूर्ण करावी.