सायट्रान्स बनवायचाय? आधी किक-बेस बसवा, बाकी सगळं नंतर

सायट्रान्स, म्हणजे गोवा ट्रान्समधून निघालेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, बनवायला बसलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो खरेदीचा. हा सिंथ (आवाज तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) घे, तो प्लगइन घे, अमका सॅम्पल पॅक घेतल्याशिवाय तसा आवाज येतच नाही. काही घेऊ नका. एबलटन, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, रीपर, संगीत बनवायचं जे सॉफ्टवेअर हाताशी आहे ते चालतं, आणि व्हायटलसारखा फुकट सिंथ या लेखातल्या सगळ्या कामाला पुरून उरतो. एक बरा हेडफोन मात्र हवा. सॉफ्टवेअर कसं चालवायचं, नोट कशी टाकायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

१. ऐका, पण कामाचं ऐका

चाहता म्हणून ऐकणं आणि बनवणारा म्हणून ऐकणं यांत फरक आहे. आवडता ट्रॅक लावा आणि एका वेळी एकाच गोष्टीचा पाठलाग करा. एकदा फक्त हाय-हॅट. एकदा फक्त बेस. मग बार (चार ठोक्यांचा एक गट) मोजत बसा: दर ८ किंवा १६ बारांनी काहीतरी येतं किंवा जातं, आणि ते येण्याआधी अर्धा बार किक (ड्रमचा खालचा, धम्म ठोका) गायब होते. हे एकदा कानात बसलं की रचना वेगळी शिकावी लागत नाही.

आवाज बेताचा ठेवा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पार्टीत स्पीकरसमोर रात्रभर उभं राहणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करावा. इअरप्लग लावल्याने मजा जाते असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कान गेल्यावर मिक्सिंग कशाने करणार?

२. टेम्पो आणि स्वर ठरवा

१४५ बीपीएम (मिनिटाला बीट, म्हणजे ठोके) घ्या. प्रोग्रेसिव्ह करायचा असेल तर १३८, डार्क करायचा असेल तर १५० च्या पुढे. मूळ स्वर इ, एफ, एफ शार्प किंवा जी. याच्या खाली गेलात तर बऱ्याच स्पीकरांतून काही ऐकू येत नाही, फार वर गेलात तर बेसचा दम जातो. पुढची सगळी गणितं या दोन आकड्यांवर आहेत, म्हणून ते आत्ताच पक्के करा आणि मध्येच बदलू नका.

३. किक आणि बेस

इथे थांबा. या शैलीत लोक अडकतात ते इथेच, आणि मीही सगळ्यात जास्त घासली ती इथेच. ट्रॅक बाकी कितीही भारी असो, किक-बेस लडबडला की पहिल्या ४ बारांत कळतं.

रचना सोपी आहे. एका बीटचे चार भाग करा. पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हीवर बेस. १४५ बीपीएमला एक बीट सुमारे ४१४ मिलिसेकंदांची, म्हणजे प्रत्येक भाग १०३ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात किकने यायचं, बोलायचं आणि जागा सोडायची. मग तीन नोटांनी प्रत्येकी तेवढ्याच वेळात तेच करायचं. सगळी अडचण या १०३ मिलिसेकंदांत आहे, आणि तिथे ईक्यूचा, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाचा, फारसा उपयोग नसतो. लोक मात्र पहिला हात ईक्यूलाच घालतात.

किक स्वतः बनवा. एक साइन वेव्ह, तिच्या पिचला एन्व्हलप (वेळेनुसार चढ-उतार घडवणारी रेघ). सुरुवात काही हजार हर्ट्झवरून, आणि घसरत येऊन शेवट ५० हर्ट्झच्या आसपास. सुरुवातीची ती झटक्यात होणारी घसरण म्हणजे किकचा टक्, आणि खालचा भाग म्हणजे धक्का. लांबी १०० मिलिसेकंदांच्या आत संपवा. एकटी ऐकताना ती कोरडी, तोकडी वाटेल. वाटू द्या. एकटी ऐकताना गुबगुबीत वाटणारी किक बेस आला की हमखास चिखल करते. सॅम्पल पॅकमधल्या बऱ्याच किका नेमक्या अशाच असतात, कारण त्या एकट्या ऐकूनच निवडल्या जाणार हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

‘किक स्वरात ट्यून करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. जिचा पिच सतत घसरतोय तिला स्वर कसला? तिची शेपटी जिथे विरते ती जागा बेसच्या मूळ स्वराजवळ असली म्हणजे झालं.

आता बेस. एकच ऑसिलेटर, सॉ वेव्ह. दोन नको, डीट्यून (स्वर किंचित हलवणं) नको, युनिझन (एकाच आवाजाचे अनेक थर) तर अजिबात नको. लो-पास फिल्टर (कटऑफच्या वरचे आवाज कापणारा) २४ डेसिबलचा, कटऑफ खाली, आणि फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक (चढ) शून्य, सस्टेन (टिकणं) शून्य, डिके (उतार) ६० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान. व्हॉल्यूमच्या एन्व्हलपचा रिलीज (नोट सुटल्यावर विरण्याचा वेळ) ५ ते १० मिलिसेकंद ठेवा. तो शून्य केलात तर लाट मध्येच तुटते आणि प्रत्येक नोटेच्या शेवटी टिक् ऐकू येतं.

यानंतर तीन नोटा टाका, वाजवा, आणि बघा की त्या तिन्ही सारख्या वाजत नाहीत. एक जाड, एक पातळ, एक कुठेतरी हरवलेली. इथे माणूस कॉम्प्रेसर लावतो, मग दुसरा कॉम्प्रेसर लावतो, मग सॅच्युरेशन, आणि रोग आहे तिथेच राहतो. रोग फेजचा, म्हणजे लाट कुठल्या जागेवरून सुरू होते त्याचा, असतो. ऑसिलेटर मोकळा फिरत असेल तर प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्या जागेवरून सुरू होते. एरवी ते कळतही नाही. पण एफ हा खालचा स्वर सुमारे ४३.७ हर्ट्झचा, त्याची एक लाट जवळजवळ २३ मिलिसेकंदांची. १०३ मिलिसेकंदांत अशा लाटा बसतात साडेचार. इतक्या थोड्या लाटांत पहिली कुठून सुरू झाली यावर सगळा आवाज ठरतो.

उपाय: ऑसिलेटरला रिट्रिगर (प्रत्येक नोट लाटेच्या त्याच जागेवरून सुरू होणं) चालू करा. सीरम आणि व्हायटलमध्ये फेजच्या शेजारी रँडमचा नॉब असतो, तो शून्यावर आणा. मग बेसचा एक बार ऑडिओ करून घ्या आणि स्क्रीनवर झूम करा. तिन्ही नोटांचं चित्र एकाच साच्यातून काढल्यासारखं दिसलं पाहिजे: तोच पहिला चढ, तेच कंगोरे, तोच उतार. एक जरी नोट वेगळी दिसली तरी पुढे जाऊ नका. सिंथमध्ये कोरस, ड्रिफ्ट, ॲनालॉग वगैरे नावाचं काहीतरी चालू राहिलेलं असतं, ते शोधून बंद करा. या एका जागी ‘कानावर विश्वास ठेवा’ हा उपदेश मी मानत नाही. ताज्या कानाला फरक कळतो, पण एकच बार तासभर फिरवत बसलेल्या कानाला काहीही चांगलंच वाटतं.

पुढची गाठ आहे किक संपते आणि पहिली बेस नोट सुरू होते तिथली. किकची शेपटी खाली जात असताना बेसची लाट वर उठली तर दोघं एकमेकांना खातात आणि पहिली नोट पोकळ लागते. बेसच्या ऑसिलेटरचा सुरुवातीचा फेज हळूहळू फिरवा आणि त्या सांध्याकडे कान द्या. एका जागी आवाज अचानक भरतो. तीच जागा. झटपट तपासणी हवी असेल तर बेसची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा आणि जी बाजू भरीव वाटेल ती ठेवा. पहिल्या नोटेची व्हेलॉसिटी (जोर) किंचित कमी ठेवलीत तर सांधा आणखी बरा बसतो.

साइडचेन, म्हणजे किक आली की बेस आपोआप दाबणं? किक आणि बेस मुळात एकावर एक येतच नसतील तर दाबायचं कुणाला? लावायचाच तर पहिल्या नोटेपुरता, काही मिलिसेकंदांचा. हाऊस संगीतातला तो पंपिंगचा श्वास इथे आलात घेऊन तर गॅलप, म्हणजे किक-बेसची घोडदौड, मोडतो.

आणि ‘३० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवा’ हा सल्ला. तीव्र हाय-पास फिल्टर आवाज कापतो तसा कापल्या जागेच्या वरचा फेजही फिरवतो, म्हणजे आत्ता एवढ्या खटपटीने बसवलेलं सगळं हलतं. लिनिअर-फेज ईक्यूने तो प्रश्न सुटतो म्हणतात, पण त्यात नोटेच्या आधीच एक पुसट थरथर येते आणि ती थेट किकवर सांडते. वर सांगितल्यासारखा बेस बनवला असेल तर ३० हर्ट्झखाली कापण्यासारखं फारसं नसतंच. असलंच तर हलका उतार वापरा आणि त्यानंतर सांधा पुन्हा तपासा.

टेम्पो बदलू नका म्हटलं त्याचं कारणही हेच. १४५ चा ट्रॅक १५० वर नेला की नोटेची जागा १०३ वरून १०० मिलिसेकंदांवर येते, पण ऑडिओ केलेली किक आपोआप आखूड होत नाही. स्वर बदललात तरी लाटांचं गणित बदलतं. गंमत म्हणून करून बघा: १४७ बीपीएमला खालचा जी, सुमारे ४९ हर्ट्झ, एका नोटेत बरोबर पाच लाटा बसवतो. या जोडीचा बेस विनासायास नीट लागतो.

तपासणी हेडफोनवर करा. ५० हर्ट्झची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. छोट्या खोलीत ती एका कोपऱ्यात दुप्पट आणि खुर्चीवर गायब वाटते. खोलीच्या म्हणण्यावरून बेस वाढवणं-कमी करणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो. बेसवर रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) नाही. यावर चर्चा नाही.

४. हॅट आणि पर्कशन

ऑफ-बीटवर ओपन हॅट, बीटच्या चारही भागांवर क्लोज्ड, दुसऱ्या आणि चौथ्या बीटला क्लॅप. झालं.

५. वरचे आवाज

इथे मोकळं सुटा. अ‍ॅसिड लाइन (चिरकत वळणारी सुरावट) हवी तर रोलंडच्या टीबी-३०३ या सिंथचं कुठलंही अनुकरण चालेल. १९८१ साली आलेलं हे यंत्र खरं तर एकट्याने सराव करणाऱ्यांना बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं होतं, आणि त्या कामात ते पार आपटलं. त्याची जान स्लाइड आणि अ‍ॅक्सेंटमध्ये आहे, त्यामुळे नोटा कमी ठेवा आणि कटऑफ हाताने फिरवून रेकॉर्ड करा. झॅप हवे असतील तर फिल्टरचा रेझोनन्स तो स्वतःच शिट्टी मारेपर्यंत वाढवा आणि कटऑफला झपाट्याने उतरणारा एन्व्हलप द्या. एफएम सिंथमधून पाणी, किडे, खरखर, सगळं निघतं. अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवून नॉब फिरवत राहा आणि नंतर त्यातले चांगले तुकडे कापून घ्या.

सुरावटीसाठी आपल्या कानाला एक सोय आहे. ज्याला पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात ते भैरवी थाटाचे स्वर: रे, ग, ध, नी कोमल. त्यातला गंधार शुद्ध केला की फ्रिजियन डॉमिनंट, म्हणजे बसंत मुखारीचे स्वर. कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं हे या संगीतातलं हुकमी हत्यार आहे, म्हणून जपून वापरा. बेस बहुतेक वेळ षड्जावरच राहू द्या, बाकीच्यांनी फिरावं.

सतारीचा तयार सॅम्पल आणि चित्रपटातला परग्रहवासीयांबद्दलचा संवाद, या दोन गोष्टी कृपा करून टाकू नका. फार झाल्या. संवादाला वर कॉपीराइटची कटकट.

६. मांडणी

ट्रॅक ७ ते ९ मिनिटांचा. १४५ ला १६ बार म्हणजे साधारण साडेसव्वीस सेकंद. तेवढ्यात एक तरी गोष्ट बदलली पाहिजे, मग ती हॅटचा एक थर का असेना. ब्रेकडाउन (किक-बेस थांबतात तो भाग) एकच मोठा, मधल्या भागात. तो संपून बेस परत येण्याआधीची शेवटची बीट पूर्ण रिकामी ठेवा, रिव्हर्बची शेपटीसुद्धा कापा. बेस आपटतो तो त्या शांततेमुळे.

जुन्या गोवा ट्रान्समध्ये सुरुवातीला लांबलचक, तालाशिवायचे भाग ऐकू येतात. त्या काळी हणजूण-वागातोरच्या उन्हात रेकॉर्डी वाकायच्या, म्हणून डीजे डॅट टेपवर (डिजिटल ऑडिओ कॅसेटवर) वाजवत. त्या यंत्रांवर वेग जुळवून दोन ट्रॅक मिसळणं अवघड, त्यामुळे एक विरला की दुसरा उगवायचा. आज तशी सुरुवात करायची असेल तर हौसेने करा, पण डीजेसाठी दुसरी आवृत्ती काढून ठेवा.

७. मिक्स आणि फाइल

किक-बेस ठीक बसला असेल तर मिक्स जवळजवळ झालेला असतो. किकचं शिखर उणे ६ ते उणे ८ डेसिबलवर ठेवा आणि बाकी सगळं तिच्याभोवती लावा. वरच्या आवाजांतून १५० हर्ट्झच्या खालचं बिनधास्त कापा, तिथे फेजची काळजी नाही. लिमिटर (आवाजाची शिखरं अडवणारा) शेवटी, आणि तो लावल्यावर किकचा टक् बोथट झाला तर लिमिटरच ढिला करा, किक वाढवू नका.

फाइल २४ बिट वेव्ह. डीजेला पाठवायच्या आवृत्तीत सुरुवातीला आणि शेवटी १६-१६ बार नुसती किक आणि हॅट ठेवा, सुरावट नाही, आणि फाइलच्या नावात बीपीएम व मूळ स्वर लिहा.