वाद्यं वाढली की गायकाचा आवाज का दबतो? मिक्सिंगमधल्या या चुका टाळा

मुखडा नीट उठत नाही असं वाटलं की पहिला हात जातो तो नवीन ट्रॅककडे. आधी स्ट्रिंग्ज, मग सिंथ पॅड (सिंथेसायझरचे लांब धरून ठेवलेले स्वर), मग आणखी एक गिटार. मुखडा भरतो खरा, पण गायकाचे शब्द त्याखाली गडप होतात आणि ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज वाढवणारं-कापणारं साधन), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारं साधन) यांच्याशी झटापट सुरू होते. यातलं बरंचसं दुखणं मिक्सचं, म्हणजे ट्रॅक एकत्र जुळवण्याचं नसतंच, ते अरेंजमेंटचं, म्हणजे कोणतं वाद्य कधी आणि कुठल्या स्वरांवर वाजणार याचं असतं. इलाजही तिथेच करायला हवा.

एकाच सप्तकात सगळ्यांची गर्दी

ही सगळ्यात मोठी चूक. पुरुष गायकाचा आवाज, अकूस्टिक गिटारचं स्ट्रमिंग, पियानोचे मधले स्वर आणि पॅड या सगळ्यांचा बराच भर 200 ते 500 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. या पट्ट्यात एखादा आवाज जोरकस असला, की जवळपासचे हलके आवाज कानाला वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून प्रत्येक वाद्य सोलोवर, म्हणजे बाकीचे ट्रॅक बंद करून एकटं ऐकलं की सुंदर लागतं आणि एकत्र आल्यावर नुसता गलबला होतो. सोलोवर बसून केलेला ईक्यू याच कारणाने फसतो. ईक्यू करताना बाकीचं गाणं चालूच ठेवा.

समजा, गिटारवर सी मेजर कॉर्ड वाजतेय आणि पॅडनेही त्याच सप्तकात सी, ई, जी धरून ठेवलेत. पॅडमधले 300 हर्ट्झ कितीही कापा, पॅड पातळ होईल, गर्दी तशीच राहील. त्यापेक्षा पॅड एक सप्तक वर न्या. बास गिटार सी वाजवतच असेल, तर पॅडमधून सी काढून फक्त ई आणि जी ठेवा. नाहीतर मुखड्याच्या पहिल्या दोन ओळी पॅड म्यूट करा आणि तिसऱ्या ओळीला आत आणा. मला हा शेवटचा उपाय सगळ्यात जास्त पटतो: काहीतरी नवं आलं हे ऐकणाऱ्याला जाणवतं, आणि फेडरला (ट्रॅकची पातळी वर-खाली करणाऱ्या पट्टीला) हातही लावावा लागत नाही.

बासरी किंवा व्हायोलिनच्या तुकड्यांचंही असंच आहे. तुकडा कितीही देखणा असो, तो गायकाच्या ओळीवर आला की दोन्हींचं नुकसान होतं. गायक श्वास घेतो ती जागा त्याची.

फेडरची शर्यत

गिटार ऐकू येत नाही म्हणून गिटार वर, मग गायक दबला म्हणून गायक वर, मग ड्रम्स. थोड्याच वेळात मास्टरचा, म्हणजे एकूण गाण्याचा मीटर लाल. इथे उलटं करा. आधी गायकाचा आवाज, बास आणि ताल एवढ्यावर गाणं उभं राहतंय का ते पाहा. त्यानंतर नवं जोडलेलं वाद्य शून्यातून हळूहळू वर आणा आणि जेमतेम जाणवलं की थांबा. मुखडा संपूर्ण ऐका, मग ते म्यूट करून पुन्हा ऐका. चुकल्यासारखं वाटलं तर ठेवा. काहीच फरक पडला नाही तर काढून टाका, मग ते वाजवायला कितीही मेहनत लागलेली असो.

मोठ्या आवाजावरचा निर्णय

फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं, की हळू आवाजात कानाला खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. त्यामुळे मोठ्या आवाजात जुळवलेले किक आणि बास हळू ऐकताना गायब होतात. शेजारी बोललेलं सहज ऐकू येईल एवढ्या आवाजावर बॅलन्स ठरवा, मोठ्या आवाजावर फक्त तपासा. प्लगइनची (ईक्यू, कॉम्प्रेसरसारख्या सॉफ्टवेअर साधनांची) तुलनाही पातळी सारखी करूनच करा. एखादा डेसिबल वाढला तरी कानाला ते ‘सुधारलं’ असंच वाटतं.

कॉपी-पेस्टची रुंदी

एकच गिटार ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे पॅन केला (एकेका बाजूच्या स्पीकरकडे वळवला) तर रुंदी येत नाही, तीच गिटार मधोमध जास्त मोठी ऐकू येते. एक बाजू काही मिलीसेकंद मागे सरकवली की हेडफोनवर छान पसरते, पण मोनोत, म्हणजे एकाच स्पीकरवर ऐकल्यासारख्या, दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ लागते. तोच भाग पुन्हा वाजवून घ्या, शक्य झालं तर कॉर्डचा आकार बदलून. मग मास्टरवर मोनोचं बटण दाबून मुखडा ऐका. गिटार तिथेही टिकली, तर पॅन तसाच ठेवा.