नवी तीनचाकी टूरिंग मोटरसायकल घेतलीत? निदान या चुका तरी करू नका

तीन चाकांच्या टूरिंग गाडीवर नवा माणूस बसला की तो कुठून आलाय हे मला पाच मिनिटांत कळतं. उजव्या हाताची बोटं ब्रेकचा लिव्हर चाचपत असतील तर दुचाकीवरून. समोरचा खड्डा दोन चाकांच्या मधोमध घ्यायला जात असेल तर मोटारीतून. पहिल्याच्या हाती काही लागत नाही, कारण कॅन-ॲम स्पायडरसारख्या गाडीला हँडलवर ब्रेकच नसतो. उजव्या पायाखालचं एक पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. दुसऱ्याची पुढची दोन चाकं खड्डा चुकवतात आणि मागचं एकुलतं एक चाक बरोबर त्यातच आपटतं.

मी मुख्यतः पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या गाड्यांबद्दल लिहितोय. हार्ले ट्राय ग्लाइडसारखी मागे दोन चाकं असतील तर एवढंच लक्षात ठेवा: थांबताना सवयीने पाय जमिनीवर टेकवू नका. तो मागच्या चाकाखाली जायला वेळ लागत नाही.

गार इंजिनवर ऑइल बघणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

गाडी घेऊन तिसरा आठवडा. सकाळी फिरायला निघायच्या आधी शहाण्यासारखी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहिली, तर ऑइल जेमतेम टोकाला लागलेलं. नव्या गाडीने एवढं ऑइल प्यायलं म्हणून धस्स झालं. अर्धा लिटर ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुन्हा थोडं ओतलं. त्या दिवशी तासभर चालवल्यावर मागे निळसर धूर आणि जळकट वास. एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, उघडला तर फिल्टर ऑइलने चिंब, पिळला असता तर धार लागली असती. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून सगळं तिकडे गेलं होतं. दोन संध्याकाळी ऑइल काढण्यात आणि पुसण्यात गेल्या, फिल्टर नवा घ्यावा लागला. मेकॅनिकने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "गार इंजिनवर बघितलं होतंत ना?"

यातल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि पंप ते इंजिनातून परत टाकीत खेचतो. याला ड्राय संप म्हणतात. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळात, झिरपतं. सकाळी डिपस्टिक टाकीतली पातळी दाखवते, आणि टाकी तर रिकामी झालेली असते. ऑइल कुठेही गेलेलं नसतं. म्हणून गाडी चांगली तापेपर्यंत चालवायची, सपाट जागी उभी करायची, अर्धा मिनिट आयडलवर ठेवायची, बंद करायची आणि दोन मिनिटांच्या आत बघायचं. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण बसवायची, मग काढायची. मी फिरून आलो की हेल्मेट काढायच्या आधी हे काम उरकतो, कारण एकदा घरात शिरलो की ते राहतंच. भरायचं झालं तर एका वेळी शंभर मिली, आणि वरच्या खुणेपर्यंत तर कधीच नाही. दोन खुणांच्या मध्ये असलं की माझं समाधान होतं.

रनिंग-इनचे दोन टोकाचे पंथ

रनिंग-इन म्हणजे नवं इंजिन नीट बसेपर्यंतचे पहिले काही किलोमीटर. एक पंथ म्हणतो नवी गाडी पहिल्याच दिवशी पिळून काढा. दुसरा हजार किलोमीटर तिला बैलगाडीसारखी हाकतो. मला दुसऱ्याचाच जास्त राग येतो, कारण त्याला वाटतं आपण गाडीवर फार प्रेम करतोय.

नव्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून काढलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून नीट बसतात, आणि त्यासाठी इंजिनावर थोडा भार यावा लागतो, तोही बदलता. सहाव्या गिअरमध्ये क्रूझ कंट्रोल लावून एकाच वेगाने दोनशे किलोमीटर जाणं हे त्यातलं सगळ्यात वाईट. म्हणून पहिल्या हजार किलोमीटरमध्ये मी हायवे टाळतो. वळणांचा, चढउताराचा रस्ता धरतो, गिअर वरखाली होऊ देतो, थ्रॉटल तीन चतुर्थांशाच्या पुढे नेत नाही आणि एकाच आरपीएमवर फार वेळ रेंगाळत नाही.

कमी आरपीएमवर वरचा गिअर टाकून इंजिनाला कण्हायला लावणं ही त्याचीच बहीण. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताने क्लच दाबावा न लागणाऱ्या गाडीत, गाडी खालचे गिअर आपोआप घेते, पण वरचा कधी टाकायचा हे तुमच्यावर असतं. गाडी थरथरली, मागचं चाक फिरवणारा बेल्ट गुरगुरला, तर एक गिअर खाली या. स्पायडरच्या तीन सिलिंडरच्या १३३० सीसी इंजिनाला फिरायला आवडतं, त्याला फिरू द्या.

पुस्तिकेने पहिलं ऑइल बरंच पुढे बदलायला सांगितलं असलं तरी मी ते हजारच्या आसपास बदलतो. गरज आहे का? बहुधा नसेल. पण निघालेल्या ऑइलमधली ती चांदीसारखी चकाकी एकदा पाहिली की मला ते आत ठेववत नाही.

नवे टायर गुळगुळीत असतात आणि नवे ब्रेक पॅड बसायचे असतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. एवढंच.

मोटारीएवढी हवा

पुढचे टायर दिसायला मोटारीचे, रिम पंधरा इंची. म्हणून हवा भरणारा विचारतो "तीस?" आणि मालक मान डोलावतो. स्पायडरसारख्या गाडीच्या पुढच्या चाकांत हवा लागते साधारण पंधरा ते वीस पीएसआय, मागे अठ्ठावीसच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या गाडीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो, तोच खरा. चाक मोटारीचं दिसलं तरी त्यावरचा भार मोटारीचा नसतो. तीस-बत्तीस भरलं की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला चिकटणारी पट्टी अरुंद होते, गाडी उड्या मारते आणि टायर मधूनच झिजतो.

दोन्ही पुढच्या चाकांत हवा अगदी सारखी हवी. एकात कमी असली की गाडी एका बाजूला ओढते आणि मालक अलाइनमेंट बिघडली म्हणून धावत सुटतो. एक बरा गेज विकत घ्या आणि सकाळी गार टायरवर मोजा. पाऊस असेल तर वेग कमी ठेवा. रुंद टायर आणि हलकी गाडी पाण्यावर तरंगायला फार वेळ घेत नाही.

हँडल आवळून धरणं

दुचाकी वेगात वळवताना आपण नकळत उजवीकडे जायला उजवं हँडल पुढे ढकलतो. इथे तसं केलं तर गाडी डावीकडे जाते. ही झुकत नाही, सरळ हँडलने वळते. माझा एक मित्र, वीस वर्षं दुचाकी चालवलेला, रिकाम्या मैदानात पहिल्याच वळणावर गवतात गेला. मैदानात गेला म्हणून निभावलं. नंतर तो हँडल इतकं घट्ट धरू लागला की गाडी सरळ रस्त्यावरही नागमोडी चालायची आणि तो पॉवर स्टिअरिंगला शिव्या द्यायचा. हाताची प्रत्येक थरथर तो स्वतःच गाडीला सांगत होता. कोपरं सैल सोडा, वळणात अंग आतल्या बाजूला घाला आणि बाहेरच्या हाताने हलकं ढकला. पहिला दिवस मैदानातच काढा. ज्यांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांच्या मागे मी तरी बसणार नाही.

क्लच, पार्किंग आणि बाकी किरकोळ

सेमी-ऑटोमॅटिकमधला क्लच सेंट्रिफ्युगल असतो, म्हणजे इंजिनाच्या वेगाने लागतो. चढावर सिग्नलला थ्रॉटल देऊन गाडी तोलून धरलीत तर तो नुसता घासत आणि तापत राहतो. तिथे ब्रेक दाबा. आणि याच क्लचमुळे इंजिन बंद केल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी मोकळीच असते. उतारावर पहिल्या गिअरच्या भरवशावर उतरलात तर ती तुमच्याशिवाय निघेल. पार्किंग ब्रेक लावा, दर वेळी.

बेल्टला चेनचं ल्युब मारू नका. तो कोरडाच हवा. दातांत खडा अडकलेला दिसला तर काढा.

प्रेशर वॉशर चाकांच्या बेअरिंगांपासून आणि वायरिंगपासून लांब ठेवा.

स्पायडर सुरूच होत नाही म्हणून फोन करायच्या आधी स्क्रीनवरची सुरक्षा-सूचना मोड बटण दाबून स्वीकारली का ते बघा. हसू नका, असे फोन मला आले आहेत.

स्क्रीनवर एकदम पाच-सहा इशारे

स्टॅबिलिटी, ब्रेक, स्टिअरिंग, सगळे दिवे एकाच वेळी लागले आणि गाडीने वेगच घ्यायचं सोडलं, तर सगळं एकदम बिघडलं असं धरून चालू नका. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं असतं की व्होल्टेज जरा खाली आलं की प्रत्येक युनिट आपापली तक्रार नोंदवतं. आधी बॅटरी बघा. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा देखभाल-चार्जर लावून ठेवा.

माझ्या गाडीत असं झालं तेव्हा मी दोन दिवस सेन्सर, फ्यूज आणि बिघाडाच्या कोडच्या मागे होतो, एका सेन्सरची किंमतही काढून झाली होती. तिसऱ्या दिवशी बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवलं तर ते डुगडुगलं. आदल्या महिन्यात ते मीच काढून पुन्हा लावलं होतं. बोल्ट पाव फेरा फिरवला आणि सगळे दिवे विझले. तो दहा नंबरचा पाना आता कायम डिकीत असतो.