नवजात बाळाची गृहभेट: आधी डोळे, मग हात, सगळ्यांत शेवटी कागद

बाळंतीण दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी येते आणि बाळाच्या जिवाला सगळ्यांत जास्त धोका असतो तोही पहिल्याच आठवड्यात. म्हणून आशाताईच्या भेटींचं वेळापत्रक सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. सिझेरियन असेल तर आई घरी येईपर्यंत आठवडा जातो, त्यामुळे भेटी सातव्या दिवसापासून पुढे पाच होतात. जन्माचा दिवस हा पहिला दिवस. इथे मोजणी चुकली की पुढच्या सगळ्या तारखा एकेक दिवसाने सरकतात.

ही पद्धत आली गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटलेला होता. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरातल्या आशांकडे दिलं. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा: गडचिरोलीतले आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत होते. आशाताई ते देत नाही. तिच्या हातात ओळखणं आणि पाठवणं एवढंच आहे, त्यामुळे ओळखण्यात झालेली ढिलाई पुढे कुठेही भरून निघत नाही.

घरात शिरल्यावर

भेटीच्या नोंदीचा फॉर्म पिशवीतच राहू द्या. फॉर्म आधी बाहेर आला की प्रश्न फॉर्मच्या क्रमाने विचारले जातात आणि उत्तरं सासूबाई देतात. "बाळ कसं आहे?" या प्रश्नाला सगळ्या महाराष्ट्रात एकच उत्तर मिळतं, "बरं आहे." त्याऐवजी आईला विचारा: काल दिवे लावल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा पाजलं? लंगोट किती बदलले? कालच्यापेक्षा आज रडणं बारीक झालंय का? आकडा किंवा तुलना मागितली की खरं उत्तर निघतं.

बोलणं चाललेलं असतानाच बाळ झोपलेलं असेल तर श्वास मोजून घ्या. हे काम हात लावण्याआधीचं, कारण बाळ उठून रडलं की मोजणी वाया गेली. छाती-पोटावरचं पांघरूण अलगद बाजूला करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचा मोह होतो, पण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर चार-पाच श्वास घेणं त्याच्यासाठी नेहमीचंच असतं. अर्धं मिनिट त्या थांबण्यात सापडलं तर आकडा ४० येईल, भराभर श्वासांत सापडलं तर ७०. पूर्ण मिनिटात ६० किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर असेल तरच श्वास जलद आहे असं धरायचं. छाती किंचित आत जाणं या वयात चालतं, फासळ्या मऊ असतात. छातीचा खालचा भाग खोल ओढला जात असेल किंवा श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर ते चालण्यातलं नाही.

मग हात धुवा. अंगठ्या, बांगड्या काढून किंवा वर सारून, साबणाने कोपरापर्यंत धुऊन हवेतच वाळू द्यायचे. धुतलेले हात पदराला पुसले की धुण्याचा उपयोग संपला.

ताप आणि थंडी

हाताची पाठ आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना लावा. दोन्ही गरम असतील तर ठीक. पोट गरम पण पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधायला लागली आहे. दोन्ही गार असतील तर बाळ गारठलं आहे. त्यानंतर थर्मामीटर. त्याचं टोक काखेत खोलवर ठेवा, बाळाचा दंड अंगाला दाबून धरा आणि आवाज होईपर्यंत हलू देऊ नका. दंड सैल राहिला की आकडा कमी येतो, ही नेहमीची चूक. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट म्हणजे नेहमीचं तापमान. त्याच्या खाली पण ९५.९ पर्यंत असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावा, टोपी घाला, पाजायला सांगा आणि तासाभराने पुन्हा मोजा. वाढलं नाही तर पाठवा. ९५.९ च्याही खाली असेल तर वाट न पाहता दवाखाना.

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उलटा प्रकार दिसतो: पत्र्याच्या घरात स्वेटर, टोपी आणि दोन गोधड्यांत गुंडाळलेलं बाळ, आणि आकडा ९९.५ च्या वर. बाळ नीट ओढून पीत असेल आणि दुसरं एकही लक्षण नसेल तर पांघरूण कमी करा, सावलीत न्या, पाजायला सांगा, अर्ध्या तासाने मोजा. तरीही वरच असेल तर तो ताप आहे.

वजन

झोळी अडकवून, पण रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा. झोळी न लावताच शून्य केलं तर तिचं वजन बाळाच्या खात्यात जमा होतं. कपडे काढायचे. काटा डोळ्यांच्या रेषेत हवा. वरून किंवा खालून पाहिलं तर ५०-१०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. झोळी खाटेच्या किंवा अंथरुणाच्या वर चार बोटंच उचला. बाळ हात-पाय मारत असेल तर काटा स्थिर होईपर्यंत थांबा.

आता आकड्याचा अर्थ. पहिल्या आठवड्यात वजन जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत घटतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. २,६०० ग्रॅमचं बाळ सातव्या दिवशी २,४०० असेल तर काळजी नाही. २,३०० असेल तर घट ११ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे दूध पोटात जात नाही किंवा बाळ आजारी आहे. घट भरून आल्यावर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ दिसायला हवी. जन्मवजन कार्डावर नसेल तर या गणिताला पायाच राहत नाही. ते मिळवण्यासाठी डिस्चार्ज कार्ड मागा.

२,५०० ग्रॅमच्या आतलं बाळ कमी वजनाचं आणि १,८०० च्या आतलं दवाखान्यातच, एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) हवं. मधल्या बाळांसाठी घरी करता येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आईच्या छातीशी उघडं बांधून ठेवणं, कांगारू पद्धत. ती इन्क्यूबेटर परवडत नाही म्हणून केलेली तडजोड आहे, असा समज डॉक्टरांतही आहे. तो चुकीचा आहे. हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत दीड ते सव्वादोन किलोच्या ८,४०२ बाळांवर झालेल्या अभ्यासात, घरी ही पद्धत शिकवलेल्या कुटुंबांत पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

करायचं असं: बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या स्तनांच्या मधोमध उभं ठेवा, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. जुन्या सुती साडीची पट्टी बाळाच्या कानाखालपासून ढुंगणाखालपर्यंत घट्ट बांधा, गाठ पोटावर दाबू देऊ नका. वरून गाऊन किंवा शाल. एका वेळी निदान तासभर आणि दिवसभरात मिळून आठ तासांच्या पुढे जितकं जमेल तितकं. आई जेवायला, अंघोळीला उठली की आजीने किंवा बापाने बांधून घ्यावं. हे बहुतेक घरांत यामुळेच बारगळतं, की सगळा भार एकट्या आईवर टाकला जातो. आजीला तुमच्यासमोर एकदा बांधून पाहायला लावा, ती बाळाची पहारेकरी होते.

पाजणं बघा, विचारू नका

निदान पाच मिनिटं बघत बसा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग खालून जवळजवळ दिसेनासा झालेला हवा. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात आणि दूधही येत नाही. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं, आणि पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी. ओढायची ताकद नसलेल्या बाळाला काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. बोंडलं वापरायचं असेल तर त्याची नळी आतून घासून उकळता येते का ते पाहा, बाटली नकोच.

मध, गुटी, साखरपाणी यांना नाही म्हणायचं. नाळेला हळद-तेल नको, कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत गळून पडते. नाळेभोवतीची कातडी लाल झाली किंवा पू आला तर पाठवा. शेक-शेगडीवर मात्र सरसकट भांडू नका. उबेची गरज खरी आहे, चूक आहे ती बंद खोलीतल्या निखाऱ्यांत आणि धुरीत. "बाळाला शेका, पण तुमच्या छातीशी" असं सांगितलं तर आजी ऐकते.

कावीळ दिवसाच्या उजेडात, कातडी बोटाने दाबून पाहा. पहिल्या २४ तासांत दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढुरकी झाली तर दवाखाना. कोवळ्या उन्हात धरणं हा तिच्यावरचा उपचार नाही.

पाठवायचं ठरल्यावर

पिणं बंद किंवा खूप कमी, रडणं क्षीण, हातपाय ढिले, झटके, जलद श्वास, खोल ओढली जाणारी छाती, ताप किंवा गारठा, फुगलेलं पोट, पू. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी. "सिरियस आहे" म्हणून घाबरवू नका, त्याने घर भगताकडे धावतं. त्याऐवजी आजीला छाती दाखवा आणि श्वास तिच्याकडून मोजवून घ्या. निर्णय घेणारा पुण्याला कामावर असेल तर तिथेच बसून फोन लावा. अडतं ते तीन ठिकाणी: गाडी, पैसे, आणि घरच्या थोरल्या पोराला सांभाळणार कोण. पहिल्या दोहोंसाठी १०२ किंवा १०८ आहे आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. तिसऱ्यासाठी शेजारणीला तुम्हीच हाक मारा. वाटेत बाळ आईच्या छातीशी, ओढत असेल तर पाजत. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. सिस्टरला आधी कळवा, आणि दुसऱ्या दिवशी पोहोचले की परत आले हे पाहा.

निघण्याआधी आईशी एकटीशी बोला. सासूबाईंना चहा ठेवायला सांगितलं की दहा मिनिटं मिळतात. अंगावरून किती जातंय, घाण वास येतो का, ताप, डोकं दुखून अंधारी, पोटरीत दुखणं, स्तनात गाठ, आणि रडू येत राहतंय का. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, म्हणून डोकेदुखी 'जागरणाची' म्हणून सोडू नका.

आता फॉर्म काढा आणि जे पाहिलं तेच लिहा. सहा भेटींचे २५० रुपये मिळण्याच्या मूळ अटींत जन्मवजनाची नोंद, जन्मनोंदणी, लस आणि ४२ व्या दिवशी आई-बाळ सुखरूप असणं हे सगळं होतं. शेवटची अट अन्यायाची वाटते, कारण सगळ्यांत जास्त फेऱ्या वाचू न शकलेल्या बाळासाठीच झालेल्या असतात.

भेटी गळतात त्या बहुधा माहेरपणात. नोंद सासरच्या आशाकडे, बाळ माहेरच्या गावात, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. म्हणून सातव्या महिन्यातच विचारा, बाळंतपणाला कुठे जाणार, आणि तिथल्या आशाचा नंबर गटप्रवर्तकाकडून (आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यकर्तीकडून) घेऊन माता-बाल संरक्षण कार्डाच्या पाठीवर लिहा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला फॉर्मची झेरॉक्स द्या. ४२ व्या दिवशी वजन, दीड महिन्याच्या लसींची तारीख आणि पुढच्या भेटी (३, ६, ९, १२, १५ महिने) कार्डावर लिहून द्या. ते कार्ड धान्याच्या कोठीत नाही, खुंटीवर दिसेल असं टांगायला सांगा.