जर्मनीत आलाय आणि डिझाईन-इलस्ट्रेशन करता? मग फ्रीलान्सिंग असं सुरू करा

जोडीदाराला जर्मनीत नोकरी लागली म्हणून पुण्या-मुंबईहून इकडे आलेले कितीतरी इलस्ट्रेटर आणि ग्राफिक डिझायनर "आधी बी१ (जर्मन भाषेची मधली पातळी) होऊ दे, मग बघू" म्हणत वर्ष-दोन वर्षं घरी थांबतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेकांना एवढं थांबायची गरजच नसते.

सगळ्यात आधी आपलं रेसिडेन्स कार्ड आणि त्याच्यासोबतचा हिरवा कागद काढून वाचा. "एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट" (म्हणजे कमाईचं काम करायला परवानगी) लिहिलं असेल तर नोकरी आणि स्वतःचं काम दोन्ही चालतं, ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) नवऱ्या-बायकोला ही परवानगी असते. पण तुम्ही स्टुडंट असाल किंवा स्वतःच नोकरीच्या व्हिसावर असाल तर फ्रीलान्ससाठी आउसलेंडरबेहोर्डंची (परदेशी नागरिकांचं ऑफिस) वेगळी परवानगी लागते, ती हातात येईपर्यंत एकही बिल करू नका प्लीज.

मग फिनान्सआम्ट, म्हणजे टॅक्स ऑफिस. आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची नोंदणी) झालेलं असलं की टॅक्स आयडी पोस्टाने घरी येतो, पण बिलावर टाकायला श्टॉयरनुमर हा वेगळा नंबर लागतो आणि तो एल्स्टर या टॅक्सच्या ऑनलाइन पोर्टलवर एक लांबलचक फॉर्म भरून मिळतो, काम सुरू केल्यापासून महिन्याभरात भरायचा. त्यात दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे इलस्ट्रेशन, डिझाईन, लेखन हे फ्रायबेरूफलर (स्वतंत्र व्यावसायिक) म्हणून नोंदवायचं, गेवेर्बे (व्यापार-धंदा) म्हणून नाही, कारण फ्रायबेरूफलरला गेवेर्बेचा टॅक्स आणि नोंदणी दोन्ही नसतं. (कॉफीचे मग आणि टी-शर्ट छापून विकायचे असतील तर ते मात्र गेवेर्बेत जातं, ते हिशोब वेगळे ठेवा.) दुसरं म्हणजे क्लाइनउंटरनेमर, म्हणजे छोटा व्यावसायिक. २०२५ पासून नियम असा आहे की पहिल्या वर्षी २५,००० युरोच्या आत राहिलात तर बिलावर व्हॅट लावायचा नाही, सुरुवातीला हेच सोपं पडतं. आणि हो, पुण्यातल्या जुन्या क्लायंटने पैसे भारतातल्या अकाउंटला टाकले तरी तुम्ही राहता जर्मनीत, त्यामुळे ते इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचेच.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट, का-एस-का, म्हणजे क्युन्स्टलरझोत्सियालकासे, कलाकारांचा सामाजिक विमा निधी. इथे फ्रीलान्सरला हेल्थ इन्शुरन्स पूर्ण स्वतःच्या खिशातून भरावा लागतो आणि तो इतका जड जातो की लोक तिथेच फ्रीलान्सचा विचार सोडून देतात. पण १९८३ पासून कलाकार आणि लेखकांसाठी कायदाच आहे की हेल्थ, केअर (दीर्घकाळ देखभाल लागली तर) आणि पेन्शन इन्शुरन्सचा अर्धाच भाग तुम्ही भरायचा, नोकरदारासारखा, उरलेल्या अर्ध्यात एकूण रकमेच्या ३० टक्के कलाकारांकडून काम घेणाऱ्या कंपन्या भरतात आणि २० टक्के सरकार. वर्षाला कलेच्या कामातून ३,९०० युरोपेक्षा जास्त कमाई अपेक्षित असावी लागते, पण पहिली तीन वर्षं नवोदितांना तीही अट नाही! जर्मन नागरिक असायची गरज नाही. दोन-चार बिलं, काँट्रॅक्ट, क्लायंटशी झालेले ईमेल, वेबसाईट असं सगळं जोडून अर्ज करायचा. फक्त उशीर करू नका, कारण कव्हर अर्ज केल्याच्या तारखेपासून धरतात, मागच्या महिन्यांचं काही मिळत नाही.

दर ठरवताना रुपयात गुणाकार करून "अरे वा, खूप झाले" असं म्हणू नका. टॅक्स, इन्शुरन्स, सुट्ट्या, आजारपण सगळं त्यातूनच जायचंय. आणि इथे कॉपीराइट विकताच येत नाही, तो कायद्याने कलाकाराकडेच राहतो, क्लायंटला फक्त वापरायचे हक्क मिळतात. म्हणून कोटेशनमध्ये काम किती तासांचं एवढंच नको, चित्र कुठे वापरणार, किती वर्षं, कुठल्या देशात, हे लिहून त्याचे पैसे वेगळे लावा. आपल्याकडे "सगळ्या फाईल्स देऊन टाका" म्हटलं की आपण देऊन टाकतो, ती सवय इथे मोडायला हवी. इलुस्ट्राटोरेन ऑर्गानिझात्सिओन ही इलस्ट्रेटर लोकांची संघटना आहे, तिथे दर आणि काँट्रॅक्टबद्दल विचारायला माणसं भेटतात. छापलेली कामं असतील तर बॉनच्या फाउगे बिल्ड-कुन्स्टमध्येही (चित्रांच्या वापराचं मानधन गोळा करून कलाकारांना वाटणारी संस्था) नाव नोंदवा, फुकट आहे.

कामं कुठून मिळतात? पहिली बहुतेक ओळखीतूनच. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं पोस्टर करा पण त्यावरच थांबू नका, ऑक्टोबरमधल्या फ्रँकफर्ट बुक फेअरला जा, पोर्टफोलिओत सगळं न भरता दहा-बाराच चांगली कामं ठेवा, आणि ईमेल मोडक्या का होईना जर्मनमध्ये लिहा, लोकांना ते आवडतं.

बिलावर नाव, पत्ता, श्टॉयरनुमर, सलग बिल नंबर, तारीख, काम कधी केलं ते, आणि क्लाइनउंटरनेमर असाल तर व्हॅट का नाही त्याची एक ओळ. बिल पोचून आणि पैशांची मुदत होऊन ३० दिवस झाले तरी पैसे आले नाहीत तर कायद्याने ती कंपनी थकबाकीदार ठरते आणि तुम्ही व्याज अधिक ४० युरो मागू शकता. त्यामुळे संकोच न करता माहनुंग, म्हणजे आठवणीचं पत्र, पाठवा. इथे ते कोणी मनाला लावून घेत नाही.